पालकांना बोलावलंय

आमच्या गावात ‘पालकांना बोलावलंय’ या निरोपाचा एकच अर्थ होता : पोरानं काहीतरी केलंय. शाळेतून असा सांगावा आला की बाप आधी पोराच्या पाठीत दोन ठेवून द्यायचा आणि मग पायताण चढवून शाळेकडं निघायचा, म्हणजे गुरुजींनी तक्रार सांगितली तर ‘घरनंच देऊन आलोय’ असं ताठ मानेनं सांगता यावं. त्यामुळं अंगणवाडीच्या शैलाताईंनी मदतनिसाकरवी घरोघर निरोप धाडला की बुधवारी सगळ्या पालकांनी यावं, तेव्हा त्या संध्याकाळी आमच्या आळीत तीन-चार वर्षांची पोरं एकामागून एक रडायला लागली. कुणी काय केलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. पण एकाच वेळी सगळ्यांच्या आईबापांना बोलावलंय म्हणजे प्रकरण मोठं असणार, एवढं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आमच्या घरात मारायची रीत नव्हती, चौकशीची होती. माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले होते आणि घरातला कुठलाही प्रश्न ते उभं करून विचारत. त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला, रुतूला, सोप्यात बाकड्यासमोर उभं केलं. रुतू तेव्हा चार वर्षांची. आबांनी विचारलं, काय काय केलंस ते सांग. तिनं जे आठवेल ते सगळं कबूल केलं. उखळात खडे टाकले, देव्हाऱ्यातली खडीसाखर खाल्ली, शेळीला बाबांचा रुमाल खायला घातला, शेजारच्या पोराच्या डोक्यात माती ओतली आणि ‘पावसाला थांब म्हनली’. या शेवटच्या गुन्ह्यावर आबा बराच वेळ विचार करत बसले. आमच्या बाजूला, औंधच्या पूर्वेला, पाऊस तसाही सारखा थांबलेलाच असतो, त्यामुळं त्यांना हा आरोप अगदीच सोडून देता येईना.

आई अंधार पडल्यावर आल्याच्या प्लॉटमधून आली, पाय धुतले, आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. बुधवारी तिला जमणार नव्हतं. बाबा फौजेत, दूर कुठंतरी डोंगरात. काकांनी वाटणी करून घेतलेली. शेत, म्हैस, शेळ्या, ठिबकच्या नळ्या, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची, आणि रात्रीच्या आठवड्यात ती बॅटरी घेऊन पाण्याला जायची नि सकाळी आम्ही उठायच्या आत धार काढून पुन्हा निघून जायची. कित्येकदा चुलीपाशी झाकून ठेवलेल्या भाकरीवरूनच आम्हाला कळायचं की आई येऊन गेली. तेव्हा ती म्हणाली की मनी जाईल. मनी म्हणजे मी. रुतू वर्षाची झाल्यापासून तिचं सगळं मीच बघत होते, त्यामुळं यात विचारण्यासारखं काही नव्हतं. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली होती आणि मी पालक म्हणून निघाले.

अंगणवाडीची खोली ग्रामपंचायतीच्या मागं होती. भिंतीवर हत्ती, मोर आणि एक जनावर, ज्याला पोरं कुत्रा म्हणत आणि शैलाताई वाघ म्हणत. कोपऱ्यात वजनाचा काटा टांगलेला, आणि शिजणाऱ्या खिचडीचा वास सकाळपासून बाहेरच्या लिंबापर्यंत यायचा. शैलाताई सांगलीकडच्या, लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या. बोलायला गोड, पण हट्टी. त्यांनी जमलेल्या बायकांना पहिल्यांदा हेच समजावून सांगितलं की कुणाच्याही पोरानं काहीही केलेलं नाही. यावर बायका अशा काही गोंधळल्या की विचारू नका. एकीनं तर सरळ विचारलं की मग आमी उगंच मारलं व्हय. शैलाताई म्हणाल्या, तुम्हाला बोलावलंय ते पोरांसोबत बसायला. रोज एका घरानं तासभर यायचं आणि आपल्याला जे येतं ते पोरांना दाखवायचं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आपल्याला काय येतं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारलेला नव्हता. आणि पोरांना शिकवायला सरकारनं बाई ठेवलेली असताना आपण कशाला, हेही कुणाला कळेना. मलाही कळलं नव्हतं, पण मी दहावी झालेली असल्यामुळं मान डोलावली.

तरीही वार लागले. पहिल्याच आठवड्यात आबा गेले आणि त्यांनी सगळ्या पोरांना सावधान-विश्राम शिकवलं. पुढं महिनाभर गावातल्या कुठल्याही घरात कुणी मोठ्यानं खाकरलं तरी पोरं टाचा जुळवून उभी राहायची. वस्तीवरचे बिरातात्या, ज्यांची मेंढरं अजून होती, ते एक कोकरू काखेत घेऊन आले आणि लोकर कशी कातरतात ते दाखवायला लागले. कोकरानं तेवढ्यात फळा-फुलांचा तक्ता खाल्ला. एक आजी आली, तिनं जात्यावरची ओवी म्हणायला सुरुवात केली आणि मधेच तिला रडू आलं, मग पोरंही रडली. मी गेले तेव्हा मी हुलग्याचं माडगं करून नेलं आणि ते कसं ढवळायचं ते दाखवलं. घरोघर रोजचंच माडगं, पण पोरांनी ते असं प्यायलं की जणू मी कुठून तरी नवीनच आणलंय. रुतू माझ्या शेजारी बसून सगळ्यांना सांगत होती की ही आमच्या घरातली मनी आहे. ती मला मनीच म्हणायची, कारण घरात सगळेच तसं म्हणायचे. आईला आई, आबांना आबा, आणि बाबा म्हणजे गोठ्यापाशी लिंबाला टांगून ठेवलेला मोबाईल, कारण रेंज तिथंच यायची.

आता मी सांगलीत, विश्रामबागला राहते. माझ्या मुलीच्या बालवाडीचा मोबाईलवर ग्रुप आहे. तिनं डबा संपवला की फोटो येतो, नाही संपवला तरी येतो. परवा ‘पालकांना विनंती’ अशी सुरुवात असलेला निरोप आला. पुढचं वाचायच्या आधीच मी मुलीला विचारलं की काय केलंस. निरोप एवढाच होता की शनिवारी पांढरे कपडे घालून यावं.

तर तेव्हाची गोष्ट. माझ्यापुढं तेव्हा एकच मोठा प्रश्न होता आणि तो मला नीट विचारताही येत नव्हता. आत्या विश्रामबागला राहायची. ती म्हणत होती की मनीला अकरावीला माझ्याकडं पाठवा, इथं कॉलेज जवळ आहे, माझ्याही घरात माणूस होईल. आईचं म्हणणं एकच, मनी गेली तर रुतीचं कोण बघणार. आणि गंमत अशी की हेच वाक्य मीही सगळ्यांना सांगत सुटले होते. मैत्रिणी फॉर्म भरायच्या गोष्टी करायला लागल्या की मी म्हणायची, माझं कसलं गं, रुतूचं कोण बघणार. हे म्हणताना मला वाईट वाटायचं आणि कुठंतरी छानही वाटायचं. मला जायचं होतं. मला अजिबात जायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं, त्यामुळं मी स्वतःला लबाड समजत होते. बाबांना फोनवर विचारलं की ते म्हणायचे, आई म्हणेल तसं. आई काहीच म्हणत नव्हती.

अशातच शैलाताईंनी पालक मेळावा ठरवला. तालुक्याहून मॅडम येणार होत्या. लिंबाखाली कापड बांधलं, सतरंज्या टाकल्या. या वेळी शैलाताई स्वतः आमच्या शेतावर गेल्या आणि आईला म्हणाल्या की तुम्ही एकदाही आला नाहीत, या वेळी यायचंच. आईनं हो म्हटलं. तिनं तो शब्द फार मनावर घेतला. आदल्या दिवशी कासाराकडून हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. सकाळी वासाचा साबण काढला, जो पाहुण्यांसाठी ट्रंकेत असायचा, आणि नखांतली माती काथ्यानं घासघासून काढली. लग्नातली साडी नेसली. मला म्हणाली की तू हो पुढं रुतीला घेऊन, मी आलेच. मी भाकरी थापत होते. तशीच उठले, हात परातीतल्या पाण्यात बुचकळले, ओढणीला पुसले आणि रुतूला कडेवर घेऊन निघाले. जिला माणसांत जायचं होतं ती नटली आणि जिला रोजचंच होतं ती तशीच गेली, यापेक्षा वेगळं काही त्यात नव्हतं.

मेळाव्यात शैलाताईंनी एक खेळ ठेवला होता. आईचा हात ओळखा. आयांनी ओळीनं बसायचं, हात मांडीवर उताणे ठेवायचे, बोलायचं नाही. पोराचे डोळे बांधायचे आणि त्यानं हात चाचपत जायचं. ज्यांना आई नव्हती किंवा आई कामावर होती त्यांच्या आज्या, चुलत्या बसल्या. शैलाताईंनी मलाही बस म्हटलं, कारण आई तोवर आलीच नव्हती. मी ओळीच्या शेवटी बसले. खेळ सुरू झाल्यावर आई आली, आणि बायकांनी सरकून तिला मधे जागा दिली. आता दोघींतली एक उठली पाहिजे असं मला वाटलं, पण बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं. शैलाताईंनी आम्हा दोघींकडं पाहिलं, त्याही क्षणभर घोटाळल्या आणि मग म्हणाल्या की असू दे, गंमत होईल.

पोरं ओळखत होती, चुकत होती, हसणं चाललं होतं. रुतूची पाळी आली. माझीच ओढणी तिच्या डोळ्यांना बांधली होती. ती हात चाचपायची आणि वासही घ्यायची, पिल्लू घेतं तसं. एक हात, दुसरा हात, नाही म्हणून मान हलवत ती पुढं सरकत होती. ती आईपाशी आली. आईचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. बांगड्यांवरून बोटं फिरवली. एरवी त्या हाताला ओल्या आल्याचा आणि गोठ्याचा वास असायचा, आज साबणाचा होता. आई श्वास रोखून बसलेली मला दिसत होती. रुतूनं तो हात परत मांडीवर ठेवला, नीट, दुसऱ्याच्या घरचं भांडं परत ठेवावं तसा, आणि पुढं आली. मी हात मिटून घ्यावा असं मला वाटलं. मिटवला की नाही, आठवत नाही. तिनं माझा हात धरला, बोटांच्या बेचक्यांत ज्वारीचं पीठ अजून चिकटलेलं होतं, आणि त्या तळव्यावर गाल टेकून ती म्हणाली, “आई.”

“ओ,” मी म्हणाले.

मी का म्हणाले हे मला विचारू नका. हाक आली की ओ जाते. जन्मात तिनं मला आई म्हटलेलं नव्हतं, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. खेळाचं नावच आईचा हात होतं, तेव्हा हात ओळखल्यावर ‘आई’ असंच म्हणायचं असतं असं तिला वाटलं असेल. किंवा नसेल. रुतू आता नोकरी करते, मी तिला विचारलंय, तिला यातलं काडीचंही आठवत नाही. उलट ती म्हणते, ताई, तू हे बनवून सांगतेस. कधीकधी मलाही तशी शंका येते, पण मग आईचा तो मांडीवर परत ठेवलेला हात आठवतो आणि तो कुणी बनवू शकत नाही.

सगळ्या बायका हसल्या. मॅडम टाळ्या वाजवत होत्या, त्यांना काही माहीतच नव्हतं. शेजारच्या सुमनकाकू मोठ्यानं म्हणाल्या, “आता मनीचं बघाया लागा गं. लेकरू तर आयतंच हाय तिला.” पुन्हा हशा झाला. मग त्यांनी आईकडं वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की लोणंदला त्यांच्या भाच्याचा पोरगा आहे, कंपनीत लागलाय, घर स्वतःचं, त्यांना अशीच घरकामाची, पोरं सांभाळणारी मुलगी हवी आहे. आई हसत होती. बांगड्या मनगटावर वर सारत होती, त्या खाली येत होत्या, ती पुन्हा वर सारत होती. रुतूनं डोळ्यांवरची ओढणी काढली, मला बघितलं, मग आईला बघितलं आणि आईला लांबूनच म्हणाली की साडी छान आहे.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी ती नेहमीसारखी शेतावर गेली नाही. मी रुतूची वेणी घालायला फणी घेतली तर आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. “आजपासनं रुतीला हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. “भरवायचं न्हाई, निजवायचं न्हाई. रडली तर रडू दे. मी हाय.”

मला काहीच कळेना. मी काय केलं होतं. खेळ शैलाताईंचा, बोलली रुतू, आणि शिक्षा मला. मी आबांकडं गेले. आबांना हुकूम तेवढा कळायचा, कारण नाही. ते म्हणाले की हुकूम म्हणजे हुकूम, आणि त्यांनी सोप्यात बाकडं अशा जागी ओढलं की तिथून मी रुतूपाशी गेलेली त्यांना दिसावी. पुढचे दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. रुतू आईच्या हातून खाईना. आई घास घेऊन बसायची आणि रुतू ओठ मिटून दाराकडं बघायची, कारण दारापलीकडं मी असायची. ‘मनी पायजे, मनी पायजे’ असं ती रडायची. मी गोठ्यात जाऊन कान झाकून बसायची. एकदा मला राहवलं नाही, मी आत गेले, तर आईनं वरही न बघता म्हटलं, “जा.” तिच्या गालावर ओरखडा होता, रुतूच्या नखाचा. त्या दिवशी मला आईचा इतका राग आला की तिचं काहीतरी वाईट व्हावं असं मनात आलं, आणि लगेच घाबरून मी देव्हाऱ्यापुढं उभी राहिले.

आई आता रोज रुतूला घेऊन अंगणवाडीत जायला लागली. तिचा वार नसला तरी. पोरांच्या ओळीत मांडी घालून बसायची. आल्याचे कोंब आलेले तुकडे नेऊन तिनं पोरांकडून लिंबाखाली एक वाफा लावून घेतला, असं शैलाताईंनी सांगितलं. इकडं आमच्या प्लॉटात तण माजलं, ठिबकची नळी उंदरांनी कुरतडली ती तशीच राहिली, गावातले लोक आबांना विचारायला लागले की सूनबाईचं काय बिनसलंय. आबांनाही ते पटत नव्हतं. पीक सोडून बाई पोरांत बसते याचा अर्थ काय, असं ते एकदा जेवताना म्हणाले. आई म्हणाली की शेत माझं आहे, मी बघेन. एवढं तोडून ती आबांना कधी बोलली नव्हती.

मधेच एका दुपारी सुमनकाकू आल्या. सोबत लोणंदची एक बाई होती, हातात पिशवी, पिशवीत बहुधा पेढे. मी चहा ठेवला. मला बाहेर बोलावणार म्हणून मी ओढणी नीट करून उभी राहिले, तर आई स्वतःच आत आली, कप उचलले आणि बाहेर नेले. दारामागून मी ऐकलं. आई म्हणाली, “मनी सांगलीला निघालीया. शिकाया.” सुमनकाकू म्हणाल्या की हे कधी ठरलं. आई म्हणाली, “ठरलंया.” मला हे असं, चुलीपाशी, कळलं. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, ही मला घरातून काढून टाकतेय. पोरीला आपली करायची आहे आणि त्यात माझी अडचण होतेय. मी फोनवर बाबांशी रडले. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत राहिला, आणि मग बाबा म्हणाले, आई म्हणेल तसं कर बाळ.

जायच्या दिवशी आई एसटीवर आली नाही. त्या दिवशी अंगणवाडीत तिचा वार होता म्हणे. खरा होता की नाही, मी कधी विचारलं नाही. आबांनी माझी ट्रंक टपावर चढवली, पलटणीत निघालेल्या माणसाला करतात तसा मला कडक सलाम केला आणि तोंड फिरवलं. गाडी ग्रामपंचायतीपाशी एका म्हातारीसाठी थांबली. खिडकीतून बोळाच्या टोकाला अंगणवाडीचं उघडं दार दिसत होतं. आत आई गाणं म्हणत होती. मी आईला चारचौघांत गाताना कधी ऐकलं नव्हतं, आवाज बारीक होता आणि सूर धरता येत नव्हता, आणि पोरं तिच्या मागून म्हणत होती. रुतू तिच्या मांडीवर होती. दोघींपैकी कुणीतरी वर बघावं असं मला फार वाटलं आणि बघितलं तर मी उतरेन याची भीतीही वाटली. म्हातारी चढली, गाडी निघाली. विट्यात गाडी बदलेपर्यंत मी रागातच होते.

सांगलीत मला बरं वाटायला वेळ लागला, पण बरं वाटलं. कॉलेज, आत्याचं नळाचं पाणी, संध्याकाळची वर्दळ, पुस्तकांचा वास. मी कुणाचीही कोणी नव्हते, फक्त मनीषा होते, आणि याचं मला इतकं हलकं वाटायचं की माझी मलाच लाज वाटायची. झोपताना मात्र डावा हात आपोआप शेजारी चाचपायचा.

गणपतीला मी पहिल्यांदा घरी गेले. रुतूसाठी रंगीत खडू आणि केसाला लावायच्या चिमट्या घेतल्या होत्या. सबंध वाटेत मी तिच्या धावत येण्याची वाट बघत होते. अंगणात पाऊल टाकलं तर ती आईच्या मागं गेली. साडीच्या आडून एक डोळा काढून माझ्याकडं बघत राहिली. आईनं तिला पुढं केलं, म्हणाली, जा की, ताई आलीया. रुतू आली नाही. खडू मात्र लांबूनच हात पुढं करून घेतले. मग जरा धीर करून तिनं विचारलं, “तू कवा जानार?”

मी हसले आणि पाय धुवायला म्हणून गोठ्याकडं गेले. तिथं शेळ्यांत उभी राहून रडले. तोंडावर ओढणी दाबून, आवाज घरात जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं मागं चाहूल लागली. आई होती. ती माझ्याजवळ आली नाही, दावणीपाशी उभी राहिली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून.

“त्या मेळाव्याच्या दिशी मी बी हितंच रडली,” ती म्हणाली. “माझ्या मागं कुनी आलं न्हाई. म्हनून तुझ्या मागं आली.”

तिनंच पुढं म्हटलं, “सुमन तुला लोणंदला घिऊन गेली असती. न्हाईतर तू हिला कडंवर घिऊन हितंच ऱ्हायली असतीस, आन् म्या ऱ्हाऊ दिलं असतं. मला बरंच पडत हुतं त्ये. तू सोळा वर्साची, आन् मी तुला आई करून ठिवली हुती.” मग ती म्हणाली, “तुझ्यापासनं तिला तोडल्याबिगर तू गेली नसतीस.”

हे मायेनं म्हणाली की आपण जिंकलो म्हणून म्हणाली, मला ओळखू आलं नाही. तिच्या आवाजात दोन्ही होतं. मी तिच्यावर अजून रागावले होते आणि तिच्या गळ्यात पडावं असंही वाटत होतं, आणि यातलं मी काहीच केलं नाही. आता मी स्वतः आई आहे, तरी त्या संध्याकाळचा हिशोब मला लागलेला नाही. तिनं रुतूला माझ्यापासून घेतलं की मला रुतूपासून सोडवलं, हे मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं ठरवते.

आई म्हैस पिळायला बसली. मी तोंड धुतलं आणि आत गेले. दिवे लागले तशी जेवणाची तयारी झाली. आमच्या घरात आबांना आधी वाढायचे, मग आम्ही पोरी जमिनीवर परातीभोवती बसायचो, आई शेवटी. पाट आणि भरलेला तांब्या फक्त पाहुण्याला. त्या दिवशी आईनं पाट मांडला, शेजारी तांब्या ठेवला, आबांच्या आधी पहिलं ताट वाढलं आणि माझ्याकडं बघितलं. आबा भिंतीला टेकून थांबून राहिले. रुतू आईच्या गुडघ्याला चिकटून मी काय करते ते बघत होती. मी त्या पाटाकडं बघत उभी राहिले. मला भूक फार लागली होती. मी बसले.